मागच्या दाराआडची गरमी

१९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची पहिली ट्रान्सपोर्टर व्हॅन बाजारात आली, तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं तापमान दाखवणारा काटाच नव्हता. तो विसरला नव्हता, त्याची गरजच नव्हती. इंजिन होतं मागे, मागच्या दाराखाली. त्यात पाणी नव्हतं, रेडिएटर नव्हता, वॉटर पंपही नव्हता. ११३१ सीसी, २५ हॉर्सपॉवर आणि थंड करायला फक्त हवा.

पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने याच व्हॅनमध्ये झोपायची-खायची सोय करून दिली आणि ‘कॅम्पर व्हॅन’ जन्माला आली. हिप्पींच्या फोटोंमध्ये दिसणारी, फुलं रंगवलेली गाडी ती हीच. आज इन्स्टावर तिच्या रील्स दिसतात, पण त्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे ही व्हॅन तापते. ती का तापते हे शोधायचं असेल, तर नुसतं पान्हा हातात घेऊन भागत नाही. थोडा इतिहास वाचावा लागतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुन्या सिस्टीम्स का अडकतात हे शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या व्हॅनच्या गोष्टीत मला जुना कोडबेस दिसतो. आज दिसणारा प्रत्येक बग म्हणजे कुणीतरी, कधीतरी, बऱ्याचदा चांगल्याच कारणाने घेतलेला निर्णय असतो.

पहिला निर्णय फर्डिनांड पोर्शचा. १९३० च्या दशकात त्याने ‘लोकांची गाडी’ म्हणून बीटल आखली. सामान्य जर्मन माणसाकडे गॅरेज नव्हतं. गाडी रात्रभर बर्फात उभी राहणार, इंजिनातलं पाणी गोठणार, आणि गोठताना ते फुगत असल्याने ब्लॉक फुटणार. मग पाणीच नको! हवा गोठत नाही, उकळत नाही, गळत नाही. बीटलचं हेच इंजिन पुढे व्हॅनमध्ये आलं.

पण हवेची एक अडचण आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, ती एक लिटर हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या साधारण साडेतीन हजार पट असते. म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायला हवा प्रचंड प्रमाणात हवी, आणि ती नेमकी हवी तिथून जायला हवी. म्हणून इंजिनाभोवती पत्र्याची आवरणं बसवली. पंख्याने ढकललेली हवा त्यातून सिलिंडरच्या पंखांवरून जाऊन खाली बाहेर पडायची. इंजिनाच्या कडेने रबरी सील असायचं, म्हणजे खालची तापलेली हवा पुन्हा वर येऊन पंख्यात शिरू नये.

आता विचार करा. चाळीस वर्षांत दहा जणांनी इंजिन उतरवलं. कुणीतरी बसवताना एक पत्रा ‘हा काही कामाचा दिसत नाही’ म्हणून बाजूला ठेवला. रबर कडक होऊन तुकडे पडले. गाडी चालते, आवाज ठीक आहे, ऑइल नवीन आहे, तरी घाटात दम तोडते. कारण इंजिन स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतंय. बिघाड शोधणारा कार्ब्युरेटर उघडतो, टायमिंग तपासतो. ते तपासायलाच हवं, कारण पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलं मिश्रणही इंजिन तापवतं. पण जी वस्तू तिथे नाहीच, ती कुणाला दिसत नाही. बिघडलेला भाग सापडतो. गायब झालेला भाग शोधायला तो मुळात तिथे होता हे माहीत असावं लागतं.

तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरची गोष्ट याहून मजेशीर. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, हवेच्या वाटेतच उभा होता. त्यामुळे तीन नंबरला हवा कमी पोचायची, आणि तीही आधीच तापलेली. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळायचा. यावर काही डिस्ट्रिब्यूटरमध्ये एक उपाय होता. फक्त तीन नंबरची ठिणगी किंचित उशिरा पाडायची! मूळ अडचण तशीच ठेवून वरून लावलेला पॅच. तो का आहे हे न कळलेला मेकॅनिक टायमिंग सारखं नाही म्हणून डोकं खाजवत बसणार. १९७१ च्या मॉडेलपासून ऑइल कूलर बाजूला हलवला, तेव्हा कुठे खरी दुरुस्ती झाली.

मग सत्तरचं दशक संपलं. धूर आणि आवाज यांचे नियम कडक झाले. नियम पाळायला इंजिनाचं तापमान बांधून ठेवावं लागतं, आणि ते हवेवर जमेना. १९७९ साली तिसऱ्या पिढीची व्हॅन आली तीही आधी हवेवरच. १९८२ च्या अखेरीस मात्र तिला पाण्याचं इंजिन मिळालं. आडव्या, समोरासमोर सिलिंडरांची जुनी मांडणी तीच, भोवती पाण्याचं जाकीट.

आणि इथे गंमत झाली. इंजिन मागेच राहिलं. रेडिएटरला मात्र समोरून वारा हवा, म्हणून तो गेला नाकाशी. दोघांच्या मध्ये अख्ख्या गाडीच्या पोटाखालून धावणारे लांब पाइप. सिस्टीममध्ये सुमारे १७ लिटर कूलंट. साध्या कारमध्ये हाताच्या अंतरावर होणारं काम इथे गाडीच्या दोन टोकांत वाटलं गेलं.

लांब पाइप म्हटलं की हवा अडकणार. कूलंट बदलल्यावर नुसतं ‘टाकी भरली, झालं’ असं चालत नाही. गाडीचं नाक उचलायचं, रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करायचा, इंजिन चालू ठेवून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची. हे न करता गाडी रस्त्यावर काढली, तर मागे इंजिन तापतं आणि पुढे रेडिएटर गारच राहतो. आणखी एक धोका आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट गळून तो हवेत लटकला, तर काटा ‘सगळं ठीक’ दाखवू शकतो. काटा नसलेल्या १९५० च्या व्हॅनमध्ये चालकाला निदान आपल्याला काही माहीत नाही एवढं तरी माहीत होतं.

म्हणून जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो ‘कधी तापते?’ हा. सिग्नलला उभी असताना तापते आणि धावताना निवते, तर रेडिएटरचा पंखा किंवा त्याचा स्विच बघा. हायवेवर, वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. थर्मोस्टॅट, पंप, तुंबलेला रेडिएटर बघा. इंजिन रेज केल्यावर टाकीत सारखे बुडबुडे येतात, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेडचं काम निघालं. आणि काहीही झालं तरी गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, दाब सुटताच ते उसळून अंगावर येतं.

या पिढीचं सगळ्यात बदनाम दुखणं म्हणजे हेडजवळची गळती. पाण्याच्या जाकिटाला बाहेरून बंद करायला इथे रबराचं गॅस्केट होतं आणि ते ॲल्युमिनियमच्या हेडवर टेकायचं. चुकीचं, फॉस्फेट असलेलं कूलंट वापरलं की हेडचा तो काठ गंजून खड्डे पडायचे, आणि मग नवीन गॅस्केटही धरायचं नाही. म्हणजे एका बाटलीवरचं लेबल न वाचण्याची किंमत काही वर्षांनी दोन हेड! म्हणूनच अशी जुनी गाडी घेताना पेंट बघण्याआधी कूलंट कोणतं वापरलं आणि कधी बदललं हे विचारतात. ज्या गाडीची वही आहे, तिचं इंजिन वाचायची शक्यता जास्त.

ब्राझीलमध्ये हीच जुनी व्हॅन ‘कोम्बी’ नावाने १९५७ पासून बनत राहिली. तिथे हवेवरचं इंजिन थेट डिसेंबर २००५ पर्यंत टिकलं. मग १.४ लिटरचं पाण्याचं इंजिन आलं आणि गाडीच्या गोंडस, सपाट तोंडावर काळी जाळी बसली, आत रेडिएटर होता म्हणून. २०१३ च्या डिसेंबरमध्ये कोम्बी बंद झाली. कारण तापमान नव्हतं. २०१४ पासून एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे होणार होते, आणि त्या जुन्या ढाच्यात ते बसवणं परवडणारं नव्हतं.

आज या व्हॅन्सपैकी काहींमध्ये मालक इलेक्ट्रिक मोटर बसवतात. कूलंट तिथेही लागतं, बॅटरीसाठी. पाइप पुन्हा पोटाखालून जातात आणि हवा पुन्हा काढावी लागते. ज्याने नाक उचलून तो स्क्रू सैल केलाय, त्याची तिथेही गरज आहे. अडचण एवढीच, की हे ज्ञान बरंचसं कुणाच्या तरी हातात असतं, आणि ते हात आता म्हातारे होत चाललेत. कोड लिहिणारे आपण ‘डॉक्युमेंटेशन नंतर करू’ म्हणतो ना, तसंच.