फुले, सावित्रीबाई

फुले, सावित्रीबाई : (३ जानेवारी १८३१–१० मार्च १८९७). मराठी कवयित्री, शिक्षिका व सत्यशोधक कार्यकर्त्या. जन्म नायगाव (जि. सातारा) येथे, माहेरचे आडनाव नेवसे. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या आणि १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर विरोधकांनी फेकलेले, त्यांनी अंगावर झेललेले शेण सर्वांना ठाऊक आहे. कविता मात्र फारशा कोणी वाचलेल्या नसतात.

‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ चा, म्हणजे आधुनिक मराठी कवितेचे जनक मानल्या जाणाऱ्या केशवसुतांच्या जन्माच्या बारा वर्षे आधीचा. त्यात जाई आणि पिवळा चाफा आहे, तशीच शूद्रांची दैना आणि इंग्रजी शिकण्याची निकडही. उपदेशाच्या कविता काव्य म्हणून उण्या पडतात. फुलांवरच्या कविता अधिक सरस. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये फ्रान्सेस हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्रीचा संग्रह निघाला. गुलामगिरी आणि स्त्रीचे दास्य या दोहोंविरुद्ध त्याही आयुष्यभर झगडल्या. दोघींचा परस्परांशी संबंध नव्हता; पण १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच.

सावित्रीबाईंचे गद्य पत्रांत आहे. १८६८ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही अस्पृश्य मुलगी यांची हकीकत येते. शारजाला दिवस गेल्याचे कळताच गावकरी दोघांना मारहाण करीत, मारून टाकायच्या इराद्याने गावातून फिरवू लागले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना पुण्याला धाडले. निवेदन कोरडे आहे, म्हणूनच ते अंगावर येते.

१८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे अग्नीचे मडके, त्यांनीच धरले. पुढे जोतीरावांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाची धुराही वाहिली. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन त्यांचे निधन झाले. मा. गो. माळी यांनी संपादिलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. एवढा उशीर मराठी समीक्षेला शोभणारा नाही.

२०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे गुजरातच्या सीमेवरील सुरगाणा या आदिवासी तालुक्यातील महाविद्यालयांतून पदवीधर होणाऱ्या मुलींच्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाईंचे नाव छापलेले असते.