मूठ, पाते आणि वेग

खालापूरकडे माळावरचे गवत कापताना ते डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने विळा ओढतात. मुठीचा आधार नसेल तर गवत नुसते वाकते.

हा आधार यंत्रात कसा आला ते पाहू. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून हिरवळ कापण्याचे यंत्र बनवले. फिरत्या पात्यांखाली एक स्थिर पाते, म्हणजे कात्रीच. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे बनवली. त्यांतही कडब्याला स्थिर कडेचाच आधार असतो.

ट्रॅक्टरमागच्या फिरत्या पात्यांच्या यंत्रात स्थिर पाते नसते. पाते इतक्या वेगाने येते की गवताला वाकायला सवडच मिळत नाही. गवताचे जडत्व हाच येथे आधार.

या वेगाची किंमत काय? आपण गणित करू. पाती मिनिटाला १००० फेरे घेतात आणि आसापासून ७५ सेंटिमीटरवर समोरासमोरच्या पात्यांत १०० ग्रॅमचा फरक आहे असे धरू. आसावर सुमारे ८२० न्यूटन, म्हणजे ८४ किलो वजनाइतकी ओढ पडते, आणि तिची दिशा सतत फिरत राहते. बेअरिंग खिळखिळे होते ते यामुळे. म्हणून पाती जोडीने बदलावीत व धार लावल्यावर वजन जुळवावे.

हे काम इंजिन बंद करून, चावी काढून आणि यंत्राला भक्कम टेकू देऊनच करावे. कापताना पात्यापासून दूर गेलेला हात पाती बदलताना पुन्हा त्याच्याजवळ येतो.