साने गुरुजींचा निग्रह : अमळनेर ते पंढरपूर

इतरांना न रुचणारा जीवनमार्ग पत्करणाऱ्या माणसाविषयी बोलताना मराठीत 'हट्ट', 'हेका', 'आग्रह' आणि 'निग्रह' असे शब्द वापरले जातात. व्यवहारात ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. हट्ट व हेका यांत दुसऱ्याने आपल्यापुढे नमावे ही अपेक्षा असते. आग्रहाचा रोखही बहुधा दुसऱ्याकडेच असतो. निग्रह मात्र प्रथम स्वतःवर चालतो. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी (१८९९–१९५०), यांच्या चरित्रातील काही निर्णय या भेदाच्या प्रकाशात तपासले, तर त्यांच्याविषयी रूढ झालेली केवळ हळव्या वृत्तीच्या लेखकाची प्रतिमा अपुरी ठरते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे असले, तरी त्यांच्या बालपणीच त्याला उतरती कळा लागली होती. पुण्यास उच्च शिक्षण घेतल्यानंतर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली उभी राहिलेली ही संस्था वेदान्ताच्या अध्ययनासाठी दूरवर ख्याती पावली होती. कोकणातून आलेल्या निर्धन तरुणाला तेथे ग्रंथ, सहवास आणि निश्चिंतता या तिन्ही गोष्टी उपलब्ध होत्या. तथापि १९२४ साली त्यांनी ते शांत वातावरण सोडले आणि त्याच गावात शाळामास्तरकी पत्करली. लौकिक दृष्टीने पाहता हे वरच्या पायरीवरून खाली उतरणेच होते. गुरुजींच्या लेखी मात्र अद्वैत हा चर्चेचा विषय नसून आचरणाचा विषय होता, आणि त्याची प्रयोगशाळा त्यांना छात्रालयात सापडली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, त्यांच्यासाठी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक काढणे आणि १९२८ पासून 'विद्यार्थी' मासिक चालविणे, हा त्यांचा दिनक्रम झाला.

दुसरा निर्णय १९३० सालचा. सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी सहा वर्षांची नोकरी सोडली. मध्यमवर्गीय कुटुंबात कायमची नोकरी ही एकट्या मिळवत्याची मालमत्ता मानली जात नसे. तिच्यावर आप्तांच्याही आशा अवलंबून असत. त्यामुळे असा राजीनामा हा निव्वळ वैयक्तिक व्यवहार राहत नाही. गुरुजी अविवाहित होते, ही गोष्ट येथे दुर्लक्षिण्याजोगी नाही. निर्णयाची किंमत शक्य तितकी आपल्याच अंगावर पडावी, अशी त्यांच्या जीवनाची मांडणी आधीच झालेली होती.

या निर्णयाची फलश्रुती वाङ्मयातही दिसते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना अन्य प्रांतांच्या राजबंद्यांचा सहवास लाभला. तेथे ते तमिळ शिकले आणि 'कुरळ' मराठीत आणण्याचे कार्य त्यांनी केले. पुढे त्यांनी मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचे मूळ या भाषिक अनुभवात शोधणे अप्रस्तुत होणार नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली.

परंतु निग्रहाची खरी कसोटी १९४७ साली लागली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, यासाठी महाराष्ट्रभर दौरा केल्यानंतर गुरुजींनी १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. सनातन्यांचा विरोध अपेक्षितच होता. अनपेक्षित विरोध आला तो गांधीजींकडून. उपोषण थांबवावे, अशी तार त्यांनी पाठविली. ज्यांच्या शब्दावर नोकरी सोडली, तुरुंगवास भोगला, त्यांचाच शब्द आता आड येत होता. गुरुजींनी विनयपूर्वक तो मानला नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा दृष्टिपथात असताना उपोषण कशासाठी, हा आक्षेप बिनतोड वाटतो. त्यावर त्यांची भूमिका अशी की, कायद्याने दार उघडेल, मन उघडणार नाही. अखेर ग. वा. मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांची संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. मंदिरप्रवेशाचा मुंबई प्रांताचा कायदाही त्याच वर्षी झाला.

येथे अभ्यासकाने एक अडचणीचा प्रश्न टाळू नये. उपोषण हे आत्मक्लेशाचे साधन असले, तरी त्यात दुसऱ्यावरील दडपणाचा अंश असतोच. मरणाच्या दारी बसलेल्या लोकप्रिय माणसापुढे दिलेली संमती कितपत स्वेच्छेची, असे बडव्यांच्या बाजूने विचारता येते. शिवाय ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांचे मत काय होते? डॉ. आंबेडकरांनी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला खरा. परंतु १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांच्या चळवळीचा ओघ देवळाच्या दारापासून दूर वळला होता. म्हणजे गुरुजींचा हा मार्ग सनातन्यांना अमान्य, गुरुस्थानी असलेल्या नेत्याला अप्रिय आणि दलितांच्या प्रमुख नेतृत्वाच्या लेखी गौण, असा तिहेरी एकाकी होता.

या आक्षेपांचे पूर्ण निरसन होत नाही, आणि तसे ते करण्याची गरजही नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. गुरुजींचे प्रयोजन दलितांना देव मिळवून देणे एवढेच नव्हते. सवर्णांनी स्वतःच्या पापाचे क्षालन करावे, हे होते. त्यांची हाक आपल्याच समाजाला होती, आणि तिचे मोल म्हणून त्यांनी स्वतःचे प्राण पुढे ठेवले. म्हणूनच त्यात दडपण असूनही तो हट्ट ठरत नाही.

११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्या अखेरच्या कृतीच्या छायेत आधीचे सारे निर्णय वाचण्याचा मोह चरित्रकारांनी आवरावा. १९२४, १९३० आणि १९४७ या तिन्ही प्रसंगी निराशा नव्हे, तर कर्तव्याची स्पष्ट जाणीव प्रेरक होती. लोकमताची उपेक्षा करणारे पुष्कळ असतात. ज्यांच्याविषयी परम आदर आहे त्यांच्याही मताविरुद्ध, आदर न सोडता, आपल्या वाटेने जाणारे थोडे. अमळनेरच्या या शिक्षकाची गणना त्या थोड्यांत करावी लागते.