विजोड रॅमची कुळकथा

जुन्या कॉम्प्युटरात २ जीबीच्या रॅमशेजारी १ जीबीची स्टिक लावायची म्हटली की सल्ला ठरलेला: सारखीच जोडी लावा. या नियमाचं मूळ रॅममध्ये नाही, प्रोसेसरमध्ये आहे.

१९८३ साली अमेरिकेतल्या वाँग लॅबोरेटरीजमध्ये सिम ही मेमरीची पट्टी जन्मली. त्याआधी मेमरीच्या चिप मदरबोर्डवर सुट्या बसवाव्या लागत. ३० पिनांची सिम एका वेळी ८ बिट देई आणि ४८६ प्रोसेसर ३२ मागे. म्हणून चार सिमची मिळून एक बँक होई आणि चारही एकाच क्षमतेच्या लागत. बँक अर्धवट राहिली तर तिची मेमरी मोजलीच जात नसे. पुढे ७२ पिनांच्या सिमने एकटीने ३२ बिट पेलले, पण १९९३ मध्ये ६४ बिटांची वाट घेऊन पेंटियम आला आणि पुन्हा दोन-दोन सिम आल्या. ही सक्ती संपवली १६८ पिनांच्या डिमने. ती एकटीच ६४ बिट देते. ६४ एमबीशेजारी ३२ एमबी खुशाल चालू लागली.

जोडी परतली ती वेगासाठी. एनव्हिडियाच्या एनफोर्सने २००१ मध्ये आणि इंटेलच्या ८६५ चिपसेटने २००३ मध्ये घरगुती मशीनवर ड्युअल चॅनल आणलं, म्हणजे दोन स्टिककडून एकदम १२८ बिट. ८६५ वर विजोड स्टिक लावल्या तर मशीन चाले, पण एकाच चॅनलवर. ९६५ सारख्या पुढच्या चिपसेटनी मधला मार्ग काढला. २ आणि १ जीबी लावले तर दोन्हींतला एकेक जीबी जोडीने चालतो, उरलेला एक एकट्याने.

म्हणून अशा मशीनमध्ये हाताशी असलेली विजोड स्टिक जरूर लावावी, असं माझं ठाम मत आहे. रॅम अपुरी पडली की माहिती हार्ड डिस्कवर जाते. रॅमचं उत्तर नॅनोसेकंदांत येतं, फिरत्या डिस्कचं मिलिसेकंदांत. त्यापुढे चॅनलचा तोटा नगण्य आहे.

पिढी मात्र जुळलीच पाहिजे. डीडीआर२ च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. वेगाचं तसं नाही. प्रत्येक स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये तिची क्षमता आणि वेग नोंदलेला असतो. सुरू होताना मदरबोर्ड ती नोंद वाचतो आणि ६६७ व ८०० च्या स्टिक सहसा दोन्ही ६६७ वर चालवतो.