मुदत आणि माफी

मंदीच्या दिवसांत विधिमंडळानें ऋणकोस तारावें कीं कराराची बूज राखावी, हा प्रश्न जुनाच आहे. १९३३ सालीं तो अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानापुढें उभा राहिला. धान्याचे भाव कोसळले होते, रोजगार बुडाला होता आणि गहाण पडलेलीं घरें व शेतें लिलावांत निघत होतीं. १८ एप्रिल रोजीं तेथील विधिमंडळानें कायदा केला.

या कायद्यानें कर्जाची कवडीही माफ केली नाहीं. लिलावांत गेलेली मिळकत सोडविण्याची मुदत न्यायालयास वाढवितां यावी, मात्र १ मे १९३५ च्या पलीकडे नव्हे. आणि तोंवर ऋणकोनें वाजवी भाड्याइतकी रक्कम भरीत जावी, एवढेंच त्याचें सार. मिनिआपोलिसच्या ब्लेसडेल दांपत्यास ती दरमहा ४० डॉलर ठरली.

परंतु कोणत्याही संस्थानानें करारबंधन शिथिल करूं नये, असें राज्यघटनेचें स्पष्ट कलम होतें. ८ जानेवारी १९३४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा पांच विरुद्ध चार मतांनीं वैध ठरविला. हें कलम अशाच बिकट काळासाठीं घातलेलें आहे, असा न्यायमूर्ति सदरलंड यांचा विरोध होता. तो आम्हांस पोकळ वाटत नाहीं. धनकोच्या पेटींतही पुष्कळदां गरिबांच्याच ठेवी असतात. तथापि मिनेसोटाच्या विधिमंडळानें आपल्या दयेस स्वतःच तारीख घालून दिली. त्या एका मताचें बळ, आमच्या मतें, या संयमांत होतें. मुदत देणें आणि कर्ज बुडविणें यांतील भेद ज्यास कळला, त्यानेंच संकटकाळीं कायदा करावा.