फोटोत न उमटलेली माणसं

आपल्या पुणे-मुंबईवाल्यांसाठी बोरघाट म्हणजे शुक्रवारचा ट्रॅफिक जॅम. मला मात्र हल्ली या घाटाच्या एका जुन्या फोटोनं पछाडलंय. साधारण १८६० च्या आसपासचा. रेल्वेचं काम चालू आहे. पुलाच्या अर्धवट दगडी कमानी, लाकडी परांची, मागे कडा. आणि पायथ्याशी मुंगीएवढी माणसं, ताठ उभी.

पहिल्यांदा बघितला तेव्हा 'काय भारी काम केलंय राव!' एवढंच म्हणालो. काम भारी आहेच. सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, २५ बोगदे, काही ठिकाणी १:३७ चा चढ. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढे निघायचं. १८६३ साली गाडी घाट चढली.

नंतर झूम करून बघितलं आणि खटकलं. एवढं मोठं काम, पण कोणीच काम करत नाहीये!

उत्तर कॅमेऱ्यात आहे. तेव्हा काचेवर कलोडियनचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच फोटो काढून धुवायचा. म्हणजे डार्करूमचा तंबूसुद्धा डोंगरावर न्यायचा. एक्स्पोजर काही सेकंदांचं. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला, नाहीतर उमटलाच नाही. दगड हलत नाहीत, म्हणून पूल इतका स्पष्ट. थोडक्यात, जो काम थांबवून उभा राहिला तो फोटोत आला. जी बाई पाटी डोक्यावर घेऊन चालत राहिली ती गायब. आणि जे उभे केले तेही बहुधा मोजपट्टी म्हणून, पूल केवढा उंच आहे ते कळावं यासाठी.

आता आकडे बघा. १८६१ साली इथे ४२,००० च्या आसपास लोक राबत होते, बायका-मुलं धरून. पटकी होती, सुरुंग होते, कडे होते. सुमारे २५,००० माणसं मेली असावीत असा अंदाज सांगितला जातो. १८५९ साली मजुरी रखडली म्हणून दंगा झाला आणि त्याच वर्षी कंत्राटदार फेव्हिएलनं काम सोडलं. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुरं करवून घेतलं, वर कामाचे फोटोही काढले. खरंच कौतुक वाटतं बाईंचं! पण बघा, कंत्राटदार गेला तर नावानिशी नोंद, मजूर गेले तर नुसता अंदाज.

आमच्या ऑफिसातही प्रोजेक्ट लाइव्ह गेला की ग्रुप फोटो निघतो. मागच्या वेळचा काल परत काढून बघितला. रात्री तीनला सर्व्हर सांभाळणारा पोरगा त्यात नाही. तेव्हा तो घरी झोपला होता. हा फोटो काढताना आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

असो. सोमवारी आधी त्याला चहाला नेतो.