खर्डा : तट, छावणी आणि गावकूस

नगररचनेचा इतिहास लिहिताना तट, बुरूज, वेशी आणि वाडे यांची नोंद होते. त्या सीमेबाहेर कोणास ठेवले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमच्या मते तोच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. जामखेड तालुक्यातील खर्डा हे त्यासाठी बोलके उदाहरण होय.

निजामाचे सरदार निंबाळकर यांनी अठराव्या शतकात येथे भुईकोट किल्ला उभारला. चौकोनी आखणी, भोवती खंदक, दगडी तट, आत मशीद व खोल विहीर. सत्ता आणि पाणी एकाच भिंतीआड राखण्याची ही रचना होती. मराठी मुलखातील गावांची मांडणीही याच न्यायाने चाले. गावाची शीव राखणाऱ्या महाराचे घर मात्र गावकुसाबाहेर असे.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. लष्करी छावणी म्हणजे एक फिरते नगरच. त्या छावणीत शिदनाक महाराचा तंबू आपल्या तंबूंमध्ये असण्यास काही सरदारांनी हरकत घेतली. तेव्हा ही जेवणाची पंगत नसून लढणाऱ्यांची छावणी आहे, असे हिरोजी पाटणकरांनी सुनावले, अशी हकिकत सांगितली जाते. तिच्यातून दिसते ते असे, की गावकूस दगडातच नव्हे, मनातही बांधलेले होते.

हा नियम अनादी नव्हता. खर्ड्याच्या पूर्वेकडील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. त्या नगरांत पूर्ण समता होती, असा आमचा दावा नाही. परंतु पुढे ज्यांचा व्यवसाय हीन लेखला गेला, त्यांचे नाव तेव्हा संघाच्या दानलेखात कोरले जात होते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत, अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. गावाच्या नकाशातच गुलामी आहे, हे तिने ओळखले होते. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यातच एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. किल्ल्याच्या तटाची डागडुजी करणाऱ्या समाजाने या दुसऱ्या, न दिसणाऱ्या तटाचाही हिशेब द्यावयास हवा. तो पडेपर्यंत खर्ड्याचा इतिहास केवळ विजयाचा म्हणून लिहिता येणार नाही.